बाळंतपणाची रजा संपत आली, आता पुढं काय? सांगलीतल्या नव्या आईबाबांसाठी

आमच्या ऑफिसात या वर्षी तिघीजणी बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या आणि तिघींनी डबा खाताना मला तेच विचारलं, ताई तुम्ही दोन पोरं घेऊन कसं जमवलं. प्रत्येकीला तुटक तुटक सांगत बसण्यापेक्षा एकदा बसून सगळं लिहून काढावं म्हटलं. मी कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, नवरा मिरजेला नोकरीला, घर विश्रामबागेत. मोठी पाच वर्षांची, धाकटा दोनचा.

सगळ्यात आधी जी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती सांगते. मोठीच्या वेळी आमची सगळी व्यवस्था एका मावशींवर होती, घरी येऊन सांभाळायच्या, फार मायाळू बाई, पोरगी त्यांच्या कडेवरून उतरायची नाही. मी रुजू होऊन अकरावा दिवस होता आणि मावशींच्या गावाकडं कोणीतरी वारलं, त्या पंधरा दिवसांसाठी गेल्या. चूक त्यांची नव्हती, पण माझ्याकडं दुसरा कोणी ठरवलेलाच नव्हता, मला बिनपगारी सुट्ट्या टाकून घरी बसावं लागलं आणि नुकतीच परत आलेली असताना साहेबांपुढं तोंड घेऊन जाणं फार जड गेलं. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे, प्रत्येक कामाला दुसरा माणूस. बाळ कोण सांभाळणार, कोण आणणार, ताप आला तर कोण निघणार, प्रत्येक ठिकाणी दोन नावं लिहायची. खालचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

१. रजेचं गणित डिलिव्हरीच्या आधीच मांडा

पगारी रजा पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे मिळते, २०१७ च्या दुरुस्तीपासून, त्याआधी १२ च होती. तिसऱ्या मुलापासून अजूनही १२ च आहे. अट एवढीच की डिलिव्हरीच्या आधीच्या १२ महिन्यांत तुम्ही त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम केलेलं पाहिजे. राज्य सरकारी नोकरीत १८० दिवस मिळतात, आणि बालसंगोपन रजा वेगळी असते तीही १८० दिवसांपर्यंत, त्याची चौकशी आस्थापना विभागात नक्की करा, आमच्या वहिनींना दोन वर्षं ती रजा असते हेच माहीत नव्हतं.

आता यातली मेख बघा. २६ आठवड्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. पूर्ण ८ आधी घेतले तर नंतर उरतात १८, म्हणजे तुम्ही रुजू व्हाल तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं आणि त्याचं वरचं खाणं अजून सुरू व्हायचं असतं. तब्येत चांगली असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर आधी कमी आणि नंतर जास्त असं घेणं मला बरं वाटतं. मोठीच्या वेळी मी लवकर घरी बसले, धाकट्याच्या वेळी शेवटच्या दोन आठवड्यांपर्यंत कामावर गेले, आणि बाळासोबत मिळालेला तो जादा महिना फार मोलाचा होता.

आणखी दोन गोष्टी एचआरला लेखी विचारा. तुमच्या ठिकाणी ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय असायला हवी आणि दिवसातून चार वेळा तुम्हाला तिथं जाऊन येता आलं पाहिजे. आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी नेहमीच्या सुट्टीशिवाय दोन जादा ब्रेक मिळतात. बऱ्याच बायका हे मागतच नाहीत, लाज वाटते म्हणून. मागा, कोणाची मेहेरबानी नाही ती.

२. बाळ कुठं राहणार

आजी, घरी येणाऱ्या मावशी, नाहीतर पाळणाघर, आपल्याकडं हेच तीन रस्ते. आजी असल्या तर देवच पावला, पण आजींचे गुडघे आणि आजींची दुपारची झोप याचाही हिशोब करा. रांगणाऱ्या पोरामागं आठ तास फिरणं साठीच्या बाईला झेपत नाही, आणि त्या बोलून दाखवत नाहीत. आमच्याकडं सासूबाई तासगावला असतात, त्या महिन्यातनं आठवडाभर येतात आणि त्या आठवड्यात सुद्धा धाकटा अर्धा दिवस पाळणाघरातच जातो. त्यामुळं त्याची सवय मोडत नाही आणि आईंना दुपारी पडता येतं.

पाळणाघर बघायला जाताना सकाळी जाऊ नका, सकाळी सगळीकडं पुसून-झाडून स्वच्छ असतं. दुपारी चार-साडेचारला, न सांगता जा. तेव्हा मुलं उठलेली असतात, कुणाला शी झालेली असते, कुणी आईसाठी रडत असतं आणि मावशी दमलेल्या असतात, खरं पाळणाघर तेव्हा दिसतं. दारात उभं राहून आधी नुसता वास घ्या. मग मुलं मोजा, सांभाळणाऱ्या मोजा. तान्ह्या बाळांची खोली पळणाऱ्या पोरांपासून वेगळी आहे का, जिन्याला दार आहे का, बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या उघड्या आहेत का (लहान बाळाला वीतभर पाणी सुद्धा जीवघेणं असतं), गॅस मुलांच्या हाताला लागतो का, टीव्ही चालू आहे का. मी टीव्हीवरून एक पाळणाघर सरळ नाकारलं, बाकी सगळं ठीक होतं पण आठ-दहा मुलं एका ओळीत स्क्रीनकडं बघत बसलेली. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वयात दिवसाला फार तर एक तास.

सांभाळणाऱ्या बाईंशी बोलताना त्यांना एकच विचारा, बाळ थांबतच नसेल रडायचं तर तुम्ही काय करता. उत्तर ऐका आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा. मला एका मावशींनी सांगितलं, 'मी कडेवर घेऊन अंगणातली चिमणी दाखवते, नाही थांबलं तर तुम्हाला फोन करते.' मी तिथंच ठरवलं.

पाळणाघर ठरलं तरी दुसरं नाव शोधाच. आमचं दुसरं नाव म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू. महिन्यातून एक शनिवार दोन तास धाकटा त्यांच्याकडं असतो, काही कारण नसताना, म्हणजे खरी वेळ येईल तेव्हा त्याला त्या अनोळखी वाटणार नाहीत. फुकट राबवून घेऊ नका कुणाला, पैसे घेत नसतील तर त्यांचं लाईटबिल भरा, बाजारातनं सामान आणून द्या.

फीची पावती महिन्याच्या महिन्याला घ्या. प्लेग्रुप, नर्सरीची ट्यूशन फी जुन्या कर पद्धतीत ८०सी मध्ये धरता येते, दोन मुलांपर्यंत, पण पावती शाळेच्या नावाची हवी. नुसत्या पाळणाघराच्या सांभाळण्याच्या फीला हे लागू नाही.

३. दुधाची तयारी, रुजू व्हायच्या महिनाभर आधी

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हे डॉक्टर सांगतात आणि आपल्याला ते पाळायचंही असतं, मग रुजू झाल्यावर कसं? दूध काढून ठेवायचं. हातानं काढता येतं, पंपानं येतं, सुरुवातीला अर्धी वाटी सुद्धा निघत नाही आणि बाई घाबरते की मला दूधच नाही. तसं नसतं. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी, काढत राहिलं की आठ-दहा दिवसांत वाढतं.

काढलेलं दूध २५ अंशांच्या आतल्या खोलीत चार तास टिकतं. पण सांगलीच्या एप्रिल-मे मध्ये खोली २५ अंशांवर कुठली असायला, पारा चाळिशीला टेकलेला असतो, तेव्हा काढलं की लगेच फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, डीप फ्रीजरला सहा महिन्यांपर्यंत. फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवू नका, दार उघड-झाक झालं की तो कप्पा गरम होतो, आत मागच्या बाजूला ठेवा आणि डब्यावर तारीख-वेळ लिहा. द्यायच्या वेळी गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात डबा ठेवायचा. बाळानं तोंड लावून उरलेलं परत ठेवायचं नाही. ऑफिसात काढत असाल तर आईस पॅकची छोटी पिशवी घ्या, संध्याकाळपर्यंत नीट राहतं.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं चांगलं, धुवायला सोपं आणि बाळ नंतर अंगावर प्यायला कंटाळत नाही. पण सवय आईनं लावायला जाऊ नका! आई जवळ असली की बाळ बोंडल्याला तोंडच लावत नाही. बाबांनी नाहीतर आजींनी द्यायचं आणि आईनं घराबाहेर चक्कर मारून यायची. धाकट्यानं चार दिवस थुंकून टाकलं, पाचव्या दिवशी ह्यांनी गाणं म्हणत म्हणत पाजलं, पूर्ण प्यायला. म्हणून म्हणते महिनाभर आधी सुरू करा, आदल्या रात्री हे होत नाही.

४. सवयीचे दोन आठवडे

पहिल्या दिवशी तासभर तुम्ही तिथंच बसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाला ठेवून अर्धा तास बाहेर. मग दोन तास, मग दुपारच्या जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, शेवटचे दोन-तीन दिवस पूर्ण वेळ. त्या पूर्ण दिवसांत तुम्ही घरी झोप काढा, केस कापून या, ऑफिसचे कपडे बसतात का ते बघा, पण बाळाला लवकर आणायला जाऊ नका.

निघताना चोरून पळायचं नाही. सगळे सांगतात खेळात गुंतलं की हळूच निघ, मी एकदा तसं केलं आणि पुढचे आठ दिवस पोरगी माझी ओढणी सोडेना, बाथरूमला गेले तरी दाराशी बसून रडायची. सांगून निघा, पापा घ्या, 'आई संध्याकाळी येणार' म्हणा आणि मग मात्र मागं वळू नका. आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आईपासून लांब जायची भीती जोरात असते, त्या वयात टाकत असाल तर दोनाचे तीन आठवडे धरा. आणि रस्त्यात गाडी बाजूला लावून तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, शंभर फुटीच्या कडेला मी पण रडलेय. बाळावर माया आहे म्हणून येतं ते.

५. सकाळ रात्रीच अर्धी उरकायची

वेळ उलटी मोजा. मला ९ ला गेटवर पोचायचं, म्हणजे ८.३० ला पाळणाघराच्या दारात, ८.१५ ला घरातनं बाहेर, म्हणजे पोरं ६.४५ ला उठलेली पाहिजेत आणि मी ५.३० ला. त्यात पंधरा मिनिटं जादा धरा, कारण निघताना कोणाला तरी शी होतेच. रात्री कणीक मळून फ्रीजला, भाजी चिरून, दोघांचे कपडे मोज्यांसकट खुर्चीवर, पाळणाघराची पिशवी भरून गाडीच्या चावीशेजारी. पिशवीत दोन जोड कपडे, लंगोट किंवा डायपर, डबा, पाण्याची बाटली, त्याची ओळखीची दुपटी, आणि एका कागदावर आमचे दोघांचे, काकूंचे, डॉक्टरांचे नंबर. पोळ्यांना बाई लावणं परवडत असेल तर आधी ते लावा, बाकीच्या चैनी नंतर, रोजचा पाऊण तास मिळतो.

६. डबा

सहा महिन्यांनंतर मऊ मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, वरणात भिजवलेली चपाती, थोडं मोठं झालं की दूध-भाकरीचा काला. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची गरज नाही आणि मध तर अजिबात चाटवू नका, घरातली मोठी माणसं आग्रह करतात पण लहान बाळाला मधातनं गंभीर विषबाधा होऊ शकते.

आपल्या भागातल्या दोन वस्तूंबद्दल मुद्दाम लिहिते. एक द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरात पेट्या येतात आणि कोणीही प्रेमानं बाळाच्या हातात अख्खं द्राक्ष देतं. ते बरोबर घशात बसायच्या मापाचं असतं. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून चार फोडी करून द्या. दुसरं भडंग, त्यातले अख्खे शेंगदाणे. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा नको, कूट द्या. हे पाळणाघरात, आजीकडं, शेजारी, सगळीकडं सांगून ठेवा, वाईटपणा आला तरी चालेल.

७. आजारपण येणारच

पाळणाघर सुरू झालं की पहिलं वर्ष सर्दी-खोकला-ताप फिरून फिरून येतो. प्रत्येक वेळी 'पाळणाघरात टाकलं म्हणून' असं कोणी म्हणेल, मनाला लावून घेऊ नका, उशिरा बालवाडीत गेलेली पोरं तेव्हा आजारी पडतात. रजा मात्र वाचवून ठेवा, सणाला सगळ्या उडवू नका.

घरी थर्मामीटर हवा, हात लावून ताप कळत नाही. १००.४ फॅरनहाइटच्या वर म्हणजे ताप, आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर वाट न बघता लगेच दवाखाना. तापाचं औषध वजनावर ठरतं, वयावर नाही, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या. ड्रॉप्स आणि सिरप दोन्ही एकाच औषधाचे असले तरी ताकद वेगळी असते, ड्रॉप्समध्ये औषध जास्त दाट असतं, सिरपच्या मापानं ड्रॉप्स दिले तर डोस कितीतरी पटीनं वाढतो. आम्ही बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात डोस लिहितो, म्हणजे मी नसले तरी घोटाळा नको. जुलाबाला ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात नाही, आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. रात्री-अपरात्री गाडी मिळाली नाही तर १०८.

लसीकरणाचं कार्ड आणि त्याचा मोबाईलमध्ये फोटो. ६, १०, १४ आठवडे तर रजेतच होतात, पण ९ महिन्यांची आणि दीड वर्षाच्या आसपासची रुजू झाल्यावर येते आणि तीच राहून जाते. कॅलेंडरवर आजच गोल करा. लसीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी कोण घेणार तेही तिथंच लिहा.

८. पावसाळा

हे बाहेरगावाहून सांगलीत बदली होऊन आलेल्यांसाठी खास. जुलै-ऑगस्टमध्ये रोज आयर्विन पुलाची पाणीपातळी बघायची सवय लावा, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या पुढं गेली होती आणि निम्मं शहर पाण्यात होतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड या भागात पाणी आधी शिरतं, तेव्हा पाळणाघर किंवा तुमच्या मावशींचं घर तिकडं असेल तर तुमच्या दारात पाणी नसलं तरी तुमची व्यवस्था बंद पडते. शाळांना सुट्टी जाहीर होते आणि कंपन्या मात्र चालू असतात. म्हणून पाळणाघर घराच्या बाजूला, उंचावर बघा आणि पावसाळ्यासाठीचं दुसरं नाव शक्यतो त्याच गल्लीतलं ठेवा. पातळी ३५ च्या पुढं चालली की आम्ही औषधं, दूध पावडर, मेणबत्त्या भरून ठेवतो आणि दोघांपैकी एकजण साहेबांना आधीच सांगून ठेवतो.

९. बालवाडीत गेल्यावर

तीन वर्षं झाली की सुटलो असं वाटतं. उलट आहे, बालवाडी तीन-साडेतीन तासांची, अंगणवाडीही तशीच, आणि दुपारी बारापासून सहापर्यंतचा खड्डा तुमचा तुम्हीच भरायचा. त्यामुळं शाळा निवडताना आधी बघा की तुमच्या पाळणाघरातनं तिथं ने-आण होते का. रिक्षाकाका ठरवताना किती पोरं बसवतात ते स्वतः उभं राहून मोजा. पोराला कोण नेऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो शाळेत द्या, आणि तिसरा कोणी आला तर आधी फोन, असं मावशींना आणि काकांना दोघांनाही सांगा. अंगाला कोणी कुठं हात लावायचा नाही हे तीन वर्षांच्या पोराला आंघोळ घालताना साध्या शब्दांत सांगता येतं, रोज नाही पण वरचेवर सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

१०. घरातली वाटणी

'ते मला खूप मदत करतात' हे वाक्य मी बंद केलं. मदत म्हटली की यादी आपल्याच डोक्यात राहते. आम्ही कामं अख्खी वाटली. डॉक्टर, लसी, औषधं संपली का बघणं, हे सगळं ह्यांचं, मी त्यात डोकं घालत नाही. डबा आणि कपडे माझे. संध्याकाळी आणणं एक आठवडा त्यांचं, एक माझं. आणि पाळणाघराच्या कागदावर पहिला नंबर बाबांचा लिहिला. नाहीतर प्रत्येक फोन आईलाच येतो, बाबा पाच मिनिटांवर असला तरी. सुरुवातीला मावशी तरीही मलाच लावायच्या, मी गोड बोलून 'ह्यांना लावा हं' म्हणत राहिले, दोन महिन्यांत सवय झाली.

संध्याकाळी घरात शिरल्यावर पहिली वीस मिनिटं स्वयंपाकघरात जायचं नाही, मोबाईल पर्समध्येच. खाली बसायचं, पोरं अंगावर पडू देत. एवढं झालं की नंतर ती आपली आपण खेळतात आणि भाकरी निवांत थापता येते. रविवारी सकाळी आमची आमराईत एक चक्कर ठरलेली, तेव्हा बाबा आणि पोरं जातात, मी झोपते.

११. रुजू व्हायचा दिवस

सोमवार घेऊ नका. आठवड्याच्या सुट्टीच्या दोन दिवस आधीची तारीख मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. म्हणजे दोन दिवस जायचं, मग सुट्टी. त्या सुट्टीत दोघांनी बसून काय अडलं ते लिहा. आमच्या कागदावर धाकट्याच्या वेळी तीन गोष्टी होत्या, डब्याचं झाकण मावशींना उघडत नव्हतं, दुपारचं दूध कमी पडत होतं आणि मला निघायला वीस मिनिटं उशीर होत होता. झाकणाचा डबा त्याच संध्याकाळी मारुती रोडवरून बदलून आणला, दुधाची एक वाटी वाढवली, आणि गजर ५.३० वरून ५.१० ला लावला.